शेवटच्या घरापर्यंत राउंड

धारवाडातली आमची वसाहत ऐतिहासिक आहे हे आम्हाला ती मोडायला लागली तेव्हा कळलं. तोपर्यंत ती नुसती गळकी होती. पावसाळ्यात कौलांखाली घमेली ठेवायची, व्हरांड्याच्या लाकडी जाळीला लागलेल्या वाळवीला शिव्या द्यायच्या, लाल कोब्यावर घसरून पडलेल्या पाहुण्याला हळद लावायची, एवढाच आमचा इतिहासाशी संबंध. मग कोपऱ्यावरचं घर विकलं गेलं. सकाळी जेसीबी आला आणि संध्याकाळी तिथं नुसतं आभाळ उरलं. त्या रिकाम्या आभाळाकडं बघत आम्ही सगळे रस्त्यावर उभे होतो, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "आता उरलेल्याला वारसा म्हणायचा की री." त्या संध्याकाळपासून आमचं गळणारं कौल वारसा झालं.

दुसऱ्याच दिवशी समिती स्थापन झाली. अध्यक्षांना कुणी निवडलं नाही. ते कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, सभा त्यांच्याच व्हरांड्यात भरलेली आणि हाताची खुर्ची तिथं एकच, ती त्यांची. मी चिटणीस झाले, कारण मी हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाले आहे आणि माझा राग नाकावर असतो. अशा बाईला काम दिलं की ती निदान सभेत भांडणार नाही, असा त्यांचा हिशेब. तो साफ चुकला.

पहिली सभा रंगावर गाजली. घरांना मूळचा रंग द्यायचा, यावर एकमत. मूळचा रंग कोणता, यावर जेवढी तोंडं तेवढी मतं. अध्यक्ष म्हणाले, पिवडीचा. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, लग्न होऊन आले तेव्हा हेच घर गुलाबी होतं असं देवाशपथ सांगितलं. त्यांच्या शेजारच्या काकू हिरव्यावर अडून बसल्या. शेवटी आतून सुरी आणली आणि अध्यक्षांचीच भिंत खरवडली. पिवळ्याखाली गुलाबी निघाला, गुलाबीखाली हिरवा, हिरव्याखाली पांढरा. ज्याला त्याला आपापला थर सापडला आणि सगळेच जिंकले. मग सगळ्यात खालचा पांढराच द्यायचं ठरलं, चुन्यात थोडी नीळ घालून. नीळ घालायचं काम काकूंकडं गेलं आणि काकूंचा हात पहिल्यापासून सढळ. आमची गल्ली शाळेच्या शर्टासारखी निळीशार झाली. हीच मूळची छटा असणार, असं आम्ही एकमेकांना पटवत राहिलो आणि एकमेकांकडं बघून हसू दाबत राहिलो.

आता खिंडीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आमची घरं एका ओळीत. प्रत्येक घराच्या पुढच्या दाराला उंच पायऱ्या, मागं जमिनीलगत परसू. दोन परसांच्या मध्ये पुरुषभर उंच दगडी भिंत आणि प्रत्येक भिंतीत एक माणूस आरामात जाईल एवढं खिंडार. त्यालाच आम्ही खिंड म्हणतो. ती कुणी पाडली, कधी पाडली, कुणाला ठाऊक नाही. पहिल्या घराच्या परसात शिरलं की अनवाणी शेवटच्या घरापर्यंत जाता येतं. इडलीचं पीठ, कढीपत्ता, थर्मामीटर, भांडणं, मुलींची स्थळं, सगळी ये-जा इथूनच. पुढच्या दारानं येतो तो पाहुणा, पोस्टमन, नाहीतर मतं मागणारा. पुढची कडी वाजली की आम्ही आधी आरशात बघतो आणि मग दार उघडतो.

या खिंडींची खरी मालकीण म्हणजे अक्का. माझं घर गल्लीतलं शेवटचं, त्याच्या अलीकडचं अक्कांचं. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स, लग्न केलं नाही, आता वय ऐंशीच्या घरात. घरची भाषा कन्नड, मराठी वॉर्डात शिकलेल्या, त्यामुळं त्यांचं मराठी बरंचसं हुकमांचंच. झोप. ऊठ. जीभ दाखव. नोकरी संपली तरी त्यांनी राउंड सोडला नाही. रोज पाच वाजता खांद्याला पिशवी, पिशवीत बीपीचं यंत्र, आणि अक्का खिंडीतून निघाल्या. आधी थेट पहिल्या घरापर्यंत जायचं आणि मग एकेक घर घेत परत यायचं. कुणाचं बीपी बघ, कुणाच्या पावलाची सूज दाबून बघ, कुणाच्या ताटातलं लोणचं जप्त कर. अध्यक्षांना तर त्यांनी यंत्र लावल्याशिवाय रात्री झोप येत नाही. राउंड आमच्याकडं संपतो, म्हणून अक्कांचा चहा आमच्याकडं. माझं बीपी कायम वर. "टीचर, कुणावर चिडलीस आज?" असं विचारूनच त्या पट्टा बांधतात.

गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून अक्कांना पायऱ्या चढवत नाहीत, आणि रस्त्यावरून पोरं गाड्या अशी हाकतात की मलासुद्धा जीव मुठीत धरून चालावं लागतं. खिंडी आहेत म्हणून अक्कांना गल्ली आहे. हे आम्हाला इतकं माहीत होतं की कधी बोलून दाखवायची वेळच आली नाही.

आमच्या खिंडीची गोष्ट मात्र वेगळी. माझे वडील हुबळीला रेल्वे वर्कशॉपात फिटर. आम्ही बौद्ध, क्वार्टर्समध्ये वाढलेलो. वडिलांना एकच वेड, धारवाडात कौलारू घर असावं, मागं परसू, परसात पेरू. ते गेल्यावर मी नोकरीत स्थिरावले आणि हे घर घेतलं. आई आणि मी घर बघायला आलो तेव्हा मागच्या भिंतीत खिंड होती. आईनं तिच्यातून डोकं घालून पलीकडचा कढीपत्तासुद्धा न्याहाळला होता. सामान घेऊन आलो त्या दिवशी खिंड नव्हती. तिथं नवी करकरीत भिंत, सिमेंट अजून ओलं. सगळ्या गल्लीत खिंडी आणि फक्त आमच्या अंगाला सलग भिंत. कुणी बांधली ते कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. न विचारताच कळलं. आईनं पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर लावली, मेणबत्ती लावली, मग मागच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आपलं काय चुकलं ग?" माझ्या रागाचं मूळ कुणाला शोधायचं असेल तर ते तिथं सापडेल.

अक्का तेव्हा बहिणीकडं गदगला गेल्या होत्या. परत आल्या, परसात आल्या, भिंत बघितली, घरात गेल्या आणि पहार घेऊन बाहेर आल्या. अलीकडं आई आणि मी उभ्या, समोर भिंत थरथरायला लागलेली. आधी एक दगड पडला, मग त्या भोकातून अक्कांचा चेहरा दिसला, लाल मातीनं माखलेला. गल्ली आपापल्या खिंडीत उभी राहून बघत होती. अक्का सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शेवटची खाट सोडून राउंड होतो काय?" मग पडलेल्या दगडांवरून अलीकडं उतरल्या आणि आईला म्हणाल्या, "जीभ दाखव."

आईनं दाखवली. आयुष्यभर तिनं इतक्या आनंदानं कुणाला जीभ दाखवली नसेल.

तर समिती. वास्तुकला शिकवणारे एक प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन रविवारी सकाळी आमची वसाहत बघायला येणार होते. त्यांनी चार शब्द चांगले लिहिले तर वारसा म्हणून अर्ज करायला आम्हाला बळ मिळणार होतं, आणि आणखी एखाद्या घराचं आभाळ होणं टळणार होतं. अध्यक्षांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी गवंड्याला बोलावलं आणि निकाल वाचावा तसं सांगितलं, "शनिवारी संध्याकाळपर्यंत सगळ्या भिंती मूळच्यासारख्या झाल्या पाहिजेत. एक भोक राहता कामा नये." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. आमच्या डोळ्यांसमोर होती ती उंदरांची बिळं आणि ढासळलेले कोपरे. खिंड म्हणजे भोक, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आपल्या तोंडाला आपण कधी भोक म्हणतो का?

शनिवारी आख्खी गल्ली टेम्पो करून हुबळीला गेली. पाहुण्यांना दाखवायला जुन्या पद्धतीच्या कड्या, बिजागऱ्या आणि कंदील हवे होते, आणि असल्या वस्तू दुर्गदबैलाच्या बाजारात मिळणार नाहीत तर कुठं मिळणार? अक्का आल्या नाहीत. "माझे गुडघे त्या गर्दीत कुठं नेतेस? मिरची आण," एवढंच म्हणाल्या.

दुर्गदबैलात आम्ही हरवलो, सापडलो, परत हरवलो. हातगाड्यांच्या मधून अध्यक्ष पुढं आणि त्यांच्या मागून आम्ही, वरातीसारखे. एका लोखंडी सामानाच्या दुकानात त्यांनी वारशावर व्याख्यानच दिलं. दुकानदारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जुनं पाहिजे म्हणता, मग गंज नको म्हणता. असं कसं जमायचं री?" वहिनींना एक पितळी घंटा आवडली. ती कशाला लागणार हे त्यांनाही माहीत नव्हतं, पण वाजवून वाजवून त्यांनी अख्खं दुकान डोक्यावर घेतलं आणि शेवटी दुकानदारानं शांततेसाठी भाव उतरवला. काकूंनी एवढा मोठा कंदील घेतला की टेम्पोत त्याला एक सीट द्यावी लागली. मग चुरमुऱ्यांचं गिरमिट झालं, मिरची भजी झाली, अक्कांसाठी कागदात बांधून घेतली. परतीच्या वाटेवर वहिनी प्रत्येक सिग्नलला घंटा वाजवत होत्या आणि शेजारच्या रिक्षावाल्यांना नमस्कार करत होत्या. आम्ही सगळे साठीच्या पुढचे. शाळेच्या सहलीतसुद्धा मी इतकी हसले नव्हते.

दिवेलागणीला पोचलो आणि बघतच राहिलो. भिंती काय झाल्या होत्या म्हणून सांगू! दगडाला दगड असा बसवलेला की बोट शिरणार नाही. एका परसातून दुसऱ्या परसापर्यंत सलग, सरळ, देखणी भिंत. आम्ही टाळ्या वाजवल्या. गवंडी थापी धूत म्हणाला, "एक भोक दाखवा बघू." आम्हाला दाखवता येईना. आम्ही त्याचे, भिंतींचे, एकमेकांचे फोटो काढले. तो मोटारसायकलला लाथ मारून अळणावरकडच्या आपल्या गावी निघून गेला आणि आम्ही आपापल्या घरी.

पहिल्यांदा कळलं ते काकूंना. इडलीचं पीठ वहिनींना द्यायला त्या पातेलं घेऊन निघाल्या, रोजच्यासारखं मान मागं वळवून घरातल्यांना काहीतरी बजावत, आणि भिंतीवर जाऊन थडकल्या. पातेलं आपटलं, नव्या भिंतीवर पांढरं पीठ ओघळलं आणि काकूंनी अशी किंकाळी फोडली की गल्ली परसात धावली. धावली म्हणजे आपापल्या परसात. कुणालाच पुढं जाता येईना. मग कुणी स्टुलावर चढलं, कुणी उलट्या बादलीवर, आणि एकेका भिंतीवर एकेक डोकं उगवलं.

"अगं, खिंड!"

"आमची पण गेली!"

"सगळ्याच बुजवल्या की त्यानं!"

"तुम्हीच म्हणालात, एक भोक नको!"

"मी भोक म्हणालो, खिंड कुठं म्हणालो?"

भिंतींवर नुसती डोकी, धडं कुठंच नाहीत, त्यात काकूंच्या नाकाला पीठ. आधी वहिनींना हसू फुटलं. त्यांचं हसू म्हणजे प्रेशर कुकर, एकदा सुरू झालं की आवरत नाही. बादली कलंडली आणि त्यांचं डोकं भिंतीमागं गडप झालं, खालून फक्त हसणं ऐकू येत राहिलं. मग सगळी गल्ली हसली. माझ्या पोटात कळ आली. डोळे पुसत मी बाजूच्या भिंतीकडं बघितलं. सगळ्यांची डोकी वर होती, एक अक्कांचं सोडून. माझ्या हातात त्यांची मिरची होती आणि ती गार झाली होती.

मी रस्त्यानं गेले. अक्कांच्या पुढच्या पायऱ्या चढून कडी वाजवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आत बराच वेळ काही हालचाल नाही, मग पावलं ऐकू आली, मग परत शांतता. त्या आरशात बघत असणार, हे माझ्या लक्षात आलं.

दार उघडलं. अक्कांचे केस नीट विंचरलेले, खांद्याला पिशवी.

"तू होय? बा, कुंद्रु," म्हणाल्या, मला बसायची खूण केली आणि स्वतःही जाऊन बसल्या. त्यांची खुर्ची मागच्या दाराकडं तोंड करून ठेवलेली होती. दार सताड उघडं, समोर भिंत.

"पाचापासून बसले आहे," त्या म्हणाल्या.

"अक्का, त्या गवंड्याला अडवायचं की!"

"विचारलं त्याला. सगळ्यांनी मिळून ठरवलं म्हणाला. कमिटीनं." पिशवीचा बंद त्या बोटाला गुंडाळत होत्या. "बरोबर आहे. म्हातारी रोज उठून घरात शिरते, लोणचं काढून घेते. कंटाळा येणारच माणसाला. पण टीचर, तुझी बाजू पण बंद? माझं काय चुकलं ग?"

आईचे शब्द. ते मी अक्कांना कधी सांगितलेले नव्हते. मला तिथंच रडू कोसळलं, लहान मुलीसारखं, हातात भज्यांचा कागद धरून. रडता रडता मी सांगत सुटले, हुबळी, कंदील, घंटा, एक भोक नको, काकूंचं पीठ. अक्का माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"म्हणजे मुद्दाम नाही?"

"मुद्दाम करायला अक्कल लागते, अक्का. आम्ही सगळे मूर्ख आहोत, दुसरं काही नाही."

"सगळे?"

"सगळे."

"अध्यक्ष पण?"

"ते सगळ्यात जास्त."

अक्कांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं त्याही रडतात. पण त्या हसत होत्या, आवाज न करता, मग आवाज करून, मग कवळी हातात घेऊन. मग कवळी परत बसवली आणि गार मिरची मिटक्या मारत खाल्ली.

परत येऊन मी स्टुलावर चढले आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, की अक्का काय समजून बसल्या होत्या. गल्लीचं हसू जागच्या जागी थांबलं. सकाळी उठून खिंडी पाडू या, असं काकू म्हणाल्या. अध्यक्षांनी घसा साफ केला.

"पाडू या की. पण पाहुणे येऊन जाऊ देत. भिंती पहिल्यांदा भिंतींसारख्या दिसतात. आणि न्यायानं बघितलं तर भगदाड म्हणजे काही वारसा नव्हे. बाकीच्या खिंडी एक वेळ जुन्या म्हणता येतील. पण टीचर, तुमच्याकडची तर माझ्या डोळ्यांदेखत पाडलेली. ती मी कुठल्या नियमात बसवू?"

"तुमच्या डोळ्यांदेखत बांधलेली पण होती ना?" मी म्हणाले.

वहिनींचं डोकं हळूच नवऱ्याच्या दिशेला वळलं. अध्यक्षांचं डोकं भिंतीखाली गेलं, आणि मग एकेक करून सगळीच गेली.

रविवारी उजाडताच मी पाहुण्यांसाठी काढून ठेवलेली इरकल नेसले, कारण ठरलं होतं तसं, आणि रस्त्यानं अक्कांकडं जाऊन त्यांची ती जुनी पहार घेतली. अक्का परसात खुर्ची टाकून बसल्या, यंत्र मांडीवर. मी भिंतीवर पहिला घाव घातला. भिंतीला काही झालं नाही, माझी मात्र बत्तिशी हलली. दुसरा घाव घातला तर पहार उलटून माझ्याच अंगावर आली. अक्का म्हणाल्या, "गणितच शिकव तू." तेवढ्यात वरच्या अंगाकडून धप, धप ऐकू आलं. काकू कुदळीनं भिडल्या होत्या. वहिनींनी घरातला बत्ता उचलला होता आणि घाव घालण्याआधी प्रत्येक वेळी त्या घंटा वाजवत होत्या. सगळ्या जणी नेसूनसवरून, गजरे माळून, लाल धुरळ्यात. सिमेंट एका रात्रीत धड वाळलेलं नव्हतं, म्हणून बरं.

आणि अध्यक्ष रस्त्यानं आले. कोट घातलेला, चेहरा उतरलेला. आदल्या दिवशी यंत्र लागलं नव्हतं, त्यामुळं रात्रभर डोळ्याला डोळा नाही. अक्कांसमोर येऊन त्यांनी बाही वर केली.

"अक्का, जरा बघा की. डोकं गरगरतंय."

"राउंड तुमच्या घरी येईल तेव्हा बघेन," अक्का म्हणाल्या. "मध्ये भिंती आहेत."

अध्यक्षांनी अक्कांकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग भिंतीकडं. कोट काढून भिंतीवरून अक्कांकडं झुकलेल्या आमच्या पेरूच्या फांदीला अडकवला आणि माझ्या हातातली पहार घेतली. त्यांनी पहार नेमकी दोन दगडांच्या सांध्यात घातली आणि अंगाचा भार टाकला. एक दगड सुटला. दुसरा सुटला. मग माझ्याकडं न बघता, धापा टाकत ते म्हणाले, "त्या वेळी बघत उभा राहिलो, टीचर. ते चुकलं." आणि परत पहार घातली. माझा राग इतकी वर्षं नाकावर तयार बसलेला, त्याला काय करावं ते सुचेना. मी खाली वाकून दगड उचलायला लागले, एवढंच.

प्राध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी आले तेव्हा आमच्या एकाही पुढच्या दारात कुणी नव्हतं. आवाजाच्या मागावर ते परसात आले. समोर निळ्या घरांच्या मागं लाल मातीनं न्हालेली वारसा समिती, गजरे कानावर आलेले, अध्यक्ष बनियनवर. प्राध्यापकांनी उघडलेली वही मिटली.

"हे काय चाललंय?"

"जतन," काकू म्हणाल्या.

वहिनींचा कुकर परत सुरू झाला. प्राध्यापकांना आधी कळेना, मग मी एका दमात सगळं सांगितलं, आणि मग तेही भिंतीला टेकून हसले. विद्यार्थ्यांनी वह्या बाजूला ठेवल्या आणि दगड हातोहात द्यायला लागले. शेवटच्या भिंतीपासून वर वर जात पहिल्या भिंतीपर्यंत सगळ्या खिंडी मोकळ्या झाल्या. जरा वाकड्यातिकड्या, आधीपेक्षा थोड्या रुंद.

अक्का उठल्या. पिशवी खांद्याला लावली आणि सकाळच्या उन्हात राउंडला निघाल्या. त्यांच्या मागं प्राध्यापक, त्यांच्या मागं विद्यार्थी, त्यांच्या मागं आम्ही, एकेका खिंडीतून मान वाकवून, कारण गरज नसताना सगळेच मान वाकवत होते. प्रत्येक परसात थांबायचं, यंत्र लागायचं, हुकूम सुटायचा. वहिनींना "हसणं कमी कर" सांगितलं. ते काही जमणारं नव्हतं. अध्यक्षांचं बघून म्हणाल्या, "खाली आलंय. रोज पहार मारा." प्राध्यापकांनासुद्धा जीभ दाखवावी लागली.

शेवटी सगळे आमच्या परसात आले. मी भांडंभर चहा टाकला. अक्कांनी मला पायरीवर बसवलं आणि माझ्या दंडाला पट्टा बांधला. प्राध्यापक पेरूखाली वही उघडून उभे होते. मागं एका ओळीत दिसणाऱ्या खिंडींकडं बघत त्यांनी विचारलं, "यातली सगळ्यात जुनी कुठली? आणि नंतर पाडलेली कुठली?"

अध्यक्षांनी घसा साफ केला. पण अक्का फुगा दाबता दाबता, मान वर न करता म्हणाल्या, "सगळ्या आजच्या. आज सकाळच्या."

प्राध्यापकांनी अध्यक्षांकडं बघितलं.

"बरोबर आहे," अध्यक्ष म्हणाले. "सगळ्या एकाच दिवसाच्या. तसंच लिहून घ्या."

मी काहीतरी बोलायला गेले. "गप बस, यंत्र चुकतं," अक्का म्हणाल्या. मी गप्प बसले. मागच्या दारात आई उभी राहायची ती जागा मला दिसत होती. वहिनींनी तेवढ्यात घंटा वाजवली, कशासाठी ते त्यांनाच माहीत. अक्कांनी काट्याकडं बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं. मग पट्टा सोडून दुसऱ्या दंडाला बांधला, कारण माझं बीपी चक्क नॉर्मल होतं आणि त्यांचा विश्वास बसेना.